बिछायतवाले चाचा

परीक्षेच्या तोंडावर माझ्या अंगाखालची गादी काढून नेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. त्याच्याबद्दल वाकडा शब्द मात्र मी आजही ऐकून घेत नाही.

गडचिरोलीत आमच्या कॉलेजच्या मागच्या रस्त्याला त्यांचं बिछायत केंद्र आहे. लग्नाचा मांडव, खुर्च्या, गाद्या, भांडी, लाइट असं सगळं भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्याकडे बिछायत केंद्र म्हणतात. पुढे पत्र्याचं गोडाऊन, मागे ओळीने खोल्या आणि मधल्या अंगणात चाचा-चाचीचं घर. खोल्यांमध्ये आम्ही फार्मसीच्या आणि नर्सिंगच्या मुली राहायचो. चाचा उंच आणि किडकिडीत होते. पायजम्याचा एक पाय कायम वर दुमडलेला, दुसरा खाली लोंबता. दोन्ही एकसारखे झालेले मी कधी पाहिले नाहीत, ईदलासुद्धा नाही.

त्यांच्याकडचं भाडं अख्ख्या गावात कमी होतं, आणि त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या बाबांना सांगून टाकलं.

"खोली पोरीची, सामान लग्नाचं. लगन आलं का सामान जाईन. लगन झालं का वापस येईन. रडाचं नाई."

बाबांना वाटलं, गंमत करताहेत. बाबा हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी बाबांना उलटा प्रश्न विचारला, "तुमचं गाव किती खुर्च्याचं जी?"

आमचं गाव धानोऱ्याच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. बाबा धान लावणारे शेतकरी. त्यांना गावाची घरं सांगता आली असती, धानाच्या बांध्या सांगता आल्या असत्या, पण खुर्च्या कशा सांगणार? ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. चाचांनी मग गावाचं नाव विचारलं, डोळे मिटले आणि स्वतःच उत्तर दिलं, "तीनशे. पन पंगतीले चारशे बसते. चांगलं गाव आहे. राहू दे पोरीले."

अशी माझी खोली पक्की झाली. बारावीचे मार्क कुणी विचारलेच नाहीत.

चाचांच्या जगात सगळ्याच गोष्टी लग्नाच्या मापाने मोजल्या जायच्या. एखादा माणूस मोठ्या मनाचा असला तर तो "मोठ्या गंजाचा" असायचा. गंज म्हणजे पंगतीचा भात शिजवायचं भांडं. कुणी चिक्कू असला तर त्याला "वाटीवाला" म्हणायचे. तसे ते स्वतःही वाटीवालेच होते. दर लग्नानंतर अंगणात चमच्यांचा ढीग ओतून बसायचे. एखादा चमचा कमी पडला की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे. "समद्या भांड्यात चमचा सर्वात पळका," असं म्हणत ते आमच्या खोल्यांमध्येही डोकावून जायचे. जणू आम्हीच वऱ्हाडात जाऊन चमचे खिशात घालून आलो होतो.

माझी रूममेट सिरोंच्याची. चिडली की तेलुगूत सुटायची. गादी गेली की तिची तेलुगू सुरू व्हायची आणि चाचा गादीची गुंडाळी खांद्यावर घेऊन शांतपणे ऐकायचे. सिरोंच्याच्या बाजूची कितीतरी लग्नं त्यांनी केलेली, त्यांना तेलुगू चांगली यायची. पण तेवढ्या वेळेपुरती यायची नाही. बोलून बोलून ती थकली की म्हणायचे, "झालं का बेटा? आता चादर बी दे."

दुसऱ्या वर्षाची परीक्षा ऐन लग्नसराईत आली, तेव्हा तर आमचं टेबल गेलं, दोन्ही खुर्च्या गेल्या, पंखासुद्धा गेला. मी रडकुंडीला आले. "चाचा, मी बसू कशावर?" चाचांनी जरा विचार केला आणि गोडाऊनमधून नवरदेव-नवरीचा सोफा आणून आमच्या दारात ठेवला. तांबडा मखमली, दोन्ही हातांना सोनेरी सिंह, पाठीवर मोर. ज्यांचं लग्न होतं त्यांनी नव्या पद्धतीचा झोका मागवला होता, म्हणून हा मोकळा राहिला होता. आम्ही दोघींनी त्या वर्षीचं सगळं फार्माकोलॉजी त्या सोफ्यावर बसून पाठ केलं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. चाची चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "दुल्हन लोगो, चाय पी लो." आम्ही पास झालो. पुढच्या परीक्षेला मी स्वतःहून सोफा मागितला, तर म्हणाले, "सीझनमध्ये सोफ्याचं भाडं लागते."

विद्यापीठाच्या पदवीदानाला एका वर्षी खुर्च्या यांच्याच गेल्या होत्या. पडद्याच्या मागे उभं राहून त्यांनी सगळा समारंभ पाहिला आणि परत येऊन आम्हाला अंगणात बसवून सांगितला.

"लगन अना पदवी, एकच गोष्ट आहे पोरीहो. दोन्हीत भाड्याचे कपडे, दोन्हीत फोटो, अना दोन्हीत माय रडते."

"मग फरक काय चाचा?"

"लग्नात जेवाले चांगलं भेटते."

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून चाचा आम्हाला विचारायला लागले, "तुमचं कवा आहे ते, काळ्या झग्याचं?" आम्ही वर्ष सांगायचो. ते मान डोलवायचे. एखाद्या लग्नाची तारीख डोक्यात ठेवावी तशी त्यांनी ती ठेवली होती.

आता फीबद्दल बोलायला हवं, कारण त्याशिवाय चाचा कळणार नाहीत. आमचं कॉलेज खाजगी. पहिल्या वर्षी जी फी सांगितली, ती दर वर्षी थोडी थोडी फुगत गेली. लॅबची वेगळी, लायब्ररीची वेगळी, सहलीला जा की जाऊ नका, तिची वेगळी. शिष्यवृत्ती यायची, पण आधी भरा, मग मिळेल अशी. शेवटच्या वर्षी दिवाळीच्या आधी व्हॉट्सॲपवर नोटीस आली की फीमध्ये विकास निधी वाढवला आहे आणि मागचं-पुढचं सगळं भरल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही. विकास कुणाचा, ते लिहिलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्याच आठवड्यात सामान घेऊन गेल्या आणि पुन्हा दिसल्याच नाहीत.

मी घरी फोन केला. बाबांनी फीचा आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "बाई, यंदा घरी ये. पुढच्या साली पाहू."

आमच्या गावात पुढच्या साली पाहू म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. माझ्या आधी कॉलेजला गेलेल्या मुलींची पुढची सालं आजपर्यंत उजाडली नाहीत. मी बॅग भरली आणि भरताना इतकी रडले की सिरोंच्यावाली तेलुगूसुद्धा विसरली. नुसती पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

तेवढ्यात कुठल्याशा कार्यक्रमासाठी चाचा गादी न्यायला आले.

"कुठी चालली?"

मी सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गादी तं ठेवून जाशीन नं?" मला इतका संताप आला की मी गादी त्यांच्या अंगावर फेकली. त्यांनी ती झेलली, नीट गुंडाळली आणि तिच्यावरच बसले.

"तुह्या बाबानं तुह्या लग्नासाठी काही ठेवलं असन नं?"

ठेवलं होतं. दर साली धान विकलं की त्यातला एक वाटा बाबा बँकेत टाकायचे. घरात त्या पैशाला "लग्नाचे" असंच म्हणायचे. आईच्या आजारपणातसुद्धा त्याला कुणी हात लावला नव्हता. बाबांनी मनात आणलं असतं तरी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लावू देणार नव्हते.

"त्यात मांडवाचा, गादीचा, भांड्याचा हिस्सा मोठा असन," चाचा म्हणाले.

"असेल. मला काय माहीत?"

"मले माहीत आहे," ते म्हणाले, गादी खांद्यावर टाकली आणि निघाले. दारातून मागे न बघता म्हणाले, "बॅग सोडू नको. सकाळी मी बी येतो संग."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हर, चाचा आणि मी बसलो. मागे खुर्च्या रचलेल्या, वर एक सागाचा लांब खांब बांधलेला. खुर्च्या परतताना धानोऱ्याच्या एका कार्यक्रमाला द्यायच्या होत्या. रिकामी गाडी न्यायची म्हटलं की चाचांच्या पोटात दुखायचं. खांब कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. वाटेभर ते ड्रायव्हरशी डिझेलवरून भांडत होते. मी बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना धान कापणीला आला होता आणि मला तो पिवळा रंग डोळ्यांना नकोसा झाला होता.

बिछायतीची गाडी गावात शिरली की तिचा अर्थ एकच असतो. आमची गाडी दारात थांबेपर्यंत पोरांनी तो अर्थ वेशीपासून शेवटच्या घरापर्यंत पोचवला होता. मी गाडीतून उतरले आणि समोर काकू, शेजारणी, कोण कोण उभ्या. "नवरदेव कोन गावचा जी?" आई बांधीतून विळ्यासकट धावत आली. तिला वाटलं, बाबांनी तिला न विचारता माझं लग्न जुळवलं. बाबांना वाटलं, मीच जुळवून आणलं. बाबा माझ्याकडे बघायला तयार नव्हते. एवढ्यात नागभीडहून आत्याचा फोन. तिला कुणी कळवलं, देव जाणे. ती फोनमध्ये रडत होती, "माह्या भाचीचं लगन, अना मले सांगतलं काऊन नाई?"

या सगळ्या गोंधळात चाचा कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला सांगून खुर्च्या उतरवल्या आणि अंगणात ओळी लावल्या. मी म्हणाले, "चाचा, हे काय करताय? अहो, लोकांना सांगा तरी!" ते म्हणाले, "उभा मानूस ऐकत नाई बेटा, भांडते. खुर्ची दिसली का मानूस बसते. बसला का ऐकते." आणि खरंच, बघता बघता अर्धं गाव बसलं. मोठेबाबा पहिल्या ओळीत, मधल्या खुर्चीवर.

मग चाचा उभे राहिले, पायजम्याचा एक पाय वर, एक खाली.

"लगन नाई आहे," ते म्हणाले. "म्हनजे आहे, पन आज नाई. पोरगी शिकून राह्यली. आखरी साल आहे. फी वाढली. तिच्या बाबाजवळ पैसा आहे, पन तो लग्नाचा आहे. बराबर?"

बाबांनी मान खाली घातली.

"बराबर," मोठेबाबा म्हणाले. "लग्नाचा पैसा लग्नालेच लागन. फीत घातला अना उद्या लगन जुळलं, तं हा कायनं करन? गावात नाक कापून घेईन?"

"काऊन कापून घेईन? मांडव, खुर्च्या, गाद्या, भांडे, लाइट, साउंड, समदं माह्याकडून. एक रुपया नाई घेत. दोन सालानं करा, दहा सालानं करा."

"तोंडानं कोनीबी म्हनते भाऊ."

"म्हनूनच तं मेढ आनली," चाचा म्हणाले आणि गाडीवरच्या खांबाकडे बोट केलं.

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तो मुहूर्ताने अंगणात रोवला की लग्न सुरू झालं असं धरतात. मग ते मोडायची गोष्ट कुणी तोंडातून काढत नाही, आणि मेढ रोवल्यावर मागे फिरणाऱ्या बिछायतवाल्याला तर पुन्हा कोणत्याच गावात उभं करणार नाहीत. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"नवरदेवाबिगर मेढ?" एक काकू पुटपुटली.

"नवरदेव येईन मागून. सामान पहिले पोचलेलं बरं राह्यते," चाचा म्हणाले.

मोठेबाबा काही सहजासहजी ऐकणारे नव्हते. "तुम्हाले याच्यात काय भेटते?"

"खोली खाली झाली तं नुकसान कोनाचं? माहं. अना उद्या ही औषधवाली बाई झाली, तं हिच्या लग्नाले डॉक्टर येईन, साहेब येईन. समदे म्हनन, बिछायत कोनाची? धंदा आहे जी. पुन्न करून नाई राह्यलो मी."

खोटं बोलत होते. फुकट मांडव घालून कुणाचा धंदा होतो? पण ते इतक्या रागाने बोलले की मोठेबाबा खुर्चीत मागे टेकले.

बाबा उठले आणि घरात गेले. मला वाटलं, संपलं. परक्या माणसाने चारचौघांत पैशाची गोष्ट काढली, बाबांना ते लागलं, आता ते बाहेर येणार नाहीत. आई दाराकडे बघत होती. चाचासुद्धा दाराकडेच बघत होते.

बाबा बाहेर आले ते हातात लोखंडी सब्बल घेऊन. अंगणाच्या मधोमध त्यांनी जागा पाहिली, धोतर वर खोचलं आणि खड्डा खणायला लागले. जमीन कठीण होती. ड्रायव्हर मदतीला पुढे झाला तर त्यांनी त्याला हाताने मागे सारलं. खणता खणता, माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "बाई, फी कवापर्यंत भराची आहे?"

मी तारीख सांगितली. आईने विळा खाली ठेवला आणि हळद-कुंकू आणायला आत पळाली. खांब उभा राहिला, बायकांनी त्याला आंब्याची डहाळी बांधली. कुणीतरी आत्याला फोनवर सांगितलं की रडू नको, लगन नाई, फी आहे. हे ऐकून ती आणखीच रडली म्हणतात.

निघताना चाचांनी खुर्च्या मोजल्या. एक कमी. सगळं अंगण, शेजारची पडवी, गोठासुद्धा शोधून झाला. शेवटी लक्षात आलं, मोठेबाबा अजून बसलेलेच होते. खांबाकडे बघत.

"मोठेबाबा, उठा जी," चाचा म्हणाले. "धानोऱ्याले पोचाचं आहे."

मोठेबाबा उठले. खुर्ची स्वतः उचलून गाडीपर्यंत घेऊन गेले.

मी त्या वर्षी परीक्षा दिली, पास झाले. काळा झगाही घातला. आई रडली. जेवण खरंच यथातथाच होतं. आता मी गडचिरोलीतच एका दवाखान्याच्या औषधभांडारात आहे. "लग्नाचे" म्हणून मी बँकेत पुन्हा पैसे टाकायला लागले, तर बाबा म्हणाले, "नाव बदल त्याचं. शिकाचे म्हन." घरात अजून धाकटी आहे, बारावीला. अंगणातल्या मेढीवर आईने वालाचा वेल चढवलाय. आलेला-गेलेला माणूस विचारतो, लग्न कधी झालं? आई सांगते, सुरू आहे.

चाचांचा फोन दर सीझनला येतो. "तारीख?" मी म्हणते, अजून नाही चाचा. ते चिडतात, चांगल्या खुर्च्या राखून ठेवल्यात म्हणतात, मग विचारतात, पगार वेळेवर होतो का. माझं लग्न होईल तेव्हा होईल. खरं सांगायचं तर मला त्याची मुळीच घाई नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी चाचीला औषधं द्यायला गेले होते. चाचांना आता कमी दिसतं. चमचे हाताने चाचपून मोजतात आणि तरी चूक धरतात. आम्ही अंगणात बसलो होतो, तेवढ्यात एक माणूस सायकल भिंतीला लावून आत आला. मागे त्याची मुलगी, खांद्याला बॅग, मान खाली. माणूस आमच्या बाजूच्याच एका गावचा होता, पण मला ओळखत नव्हता.

"या जी," चाचा म्हणाले. "लगन कवाचं?"

"लगन नाई जी." तो अडखळला. टोपी काढून हातात घेतली. "पोरगी नर्सिंगले आहे. भाऊबंद पैसा काढू नाई देत. म्हनलं... तुम्ही मेढ रोवून देता म्हनते लोकं."

हातातले चमचे चाचांनी खाली ठेवले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या खांबांपाशी गेले आणि एकेकावरून हात फिरवत राहिले. एक बाजूला सारला, दुसरा सारला. शेवटी एकावर थाप मारली आणि ड्रायव्हरला हाक दिली. मग मुलीच्या जवळ येऊन, तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून वाकून विचारलं,

"तारीख सांग बेटा. फी भराची."